भावोजींच्या नाकावरचा गुलाबी ठिपका

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (बोटांवरचं तपासणीचं चिकट जेल आत्ताच पुसलंय, कागद चिकट लागला तर माफ कर.) तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. म्हणजे ठीक नाही, पण तू आधी बस आणि मग वाच. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन भावोजी उचलतात आणि आपटतातही. म्हणून कंपाउंडरच्या हाती पत्र.

परवा भावोजी दवाखान्यात आले ते केवळ तुझ्या धाकाने, हे त्यांनी बाहेरच्या आठही पेशंटना सांगितलं. आत आल्यावर माझी खुर्ची, पंखा आणि अक्षर यांना नावं ठेवून झाली, मग नाकावरचा गुलाबी ठिपका मला बघू दिला. डाग काळा असला तर दिव्याच्या भिंगातून त्याचा रंग बघता येतो. गुलाबी डागात कसला रंग? तिथे बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी बघायची, त्यावरून साधं पुरळ की नको ते दुखणं हे कळतं. आणि भिंग नाकावर टेकलेलं असतानाही भावोजी मला भिंग कसं धरावं ते शिकवत होते! असा संताप आला ताई, की मी ते जरा जोरातच दाबलं. सगळं पांढरंफटक दिसलं. काही नाही, मलम लावा, म्हटलं. गेले ऐटीत.

आज एका बाईंच्या गालावर तसाच ठिपका. भिंग आणि कातडी यांच्यामध्ये जेलचा थर ठेवून हलक्या हाताने पाहिलं, तर फांद्या फुटाव्यात तशा लाल रेषा. जरा दाबलं आणि सगळ्या गायब! (दाबलं की रक्त सरकतं आणि नक्षी दिसेनाशी होते, हे मीच शिकाऊ डॉक्टरांना ओरडून ओरडून सांगतो.) म्हणजे भावोजींच्या नाकावर काही नव्हतं असं नाही, मी काही बघितलंच नाही. कदाचित नसेलही. असलं तर आत्ता छोटा तुकडा काढून भागेल, उशीर झाला तर बरंच नाक जाईल. काहीही करून त्यांना उद्या परत माझ्याकडे पाठव.

तुझा धाकटा

ता. क. त्यांना खरं सांगू नकोस. माझं भिंग बिघडलंय, दुसऱ्या कुणाला ते दुरुस्त करता येत नाहीये, एवढंच म्हण. धावत येतील.

आणखी ता. क. भावोजी, ताईची पत्रंही आधी तुम्हीच फोडता, हे पाकिटावर पत्ता लिहिताना आठवलं. तेव्हा वरचा डाव फसला. भिंग उत्तम आहे, चूक माझी झाली. अठरा वर्षांत तुम्हाला हे कधी म्हटलं नाही, आज लेखी घ्या, चारचौघांत वाचून दाखवा, पण उद्या सकाळी दहाला या. ताईला इतक्यात काही कळू देऊ नका. मी फार घाबरलोय.