न झालेल्या लग्नाचा दाखला

बोरी अरब,
ता. ८ फेब्रुवारी १९६४

चि. भीमराज यास डोमाजीमामाचा भरघोस जयभीम.

मी इकडे गुडघा सोडून ठणठणीत आहे. गुडघ्याची चौकशी तू प्रत्येक पत्रात करतोस म्हणून तोही खूश आहे. तिकडच्या बर्फात अंगात लोकरीचं काही घालतोस की नाही, जेवण वेळेवर होतं की नाही, आणि इंगेबाईंच्या वडिलांचा राग उतरला की नाही, ते सविस्तर कळव. (इंगेबाईंना आशीर्वाद. फोटो पाहिला. पोरगी हसरी आहे. तू मात्र आमच्या कापसाच्या जिनाचा पट्टा ऐन हंगामात तुटावा तसा चेहरा करून उभा आहेस.) आता खाली बस आणि मग पुढचं वाच. उभ्याने वाचण्यासारखं हे पत्र नाही. तुझा मामा जिंकला!

तू डिसेंबरात लिहिलंस की जर्मनीत परदेशी माणसाला लग्न करायचं तर त्याच्या देशातल्या सरकारचा दाखला लागतो : हा गडी अविवाहित आहे आणि याच्या लग्नाला कायद्याची कसलीही हरकत नाही. दाखला फेब्रुवारीअखेर पोचला नाही तर वीस मार्चची तारीख गेली, आणि मार्च संपला की तुझं कारखान्यातलं शिक्षण संपून राहण्याचा परवानाही गेला. त्यात इंगेबाईंच्या वडिलांची ठाम समजूत, की हिंदुस्थानातला प्रत्येक तरुण घरी एक बायको ठेवूनच बोटीत चढतो. पत्र वाचून मी हसलो. म्हटलं, एवढंच ना? तू अविवाहित आहेस हे मला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे, सरकारला कळवायला कितीसा वेळ लागणार! (एक महिना आणि सहा दिवस लागले. तालुक्याला सात खेपा.)

कचेरीतले हेडक्लार्क पंजाबराव माणूस सज्जन, पण नियमाच्या बाहेर पापणीसुद्धा हलवत नाहीत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "डोमाजी, झालेल्या गोष्टीचा दाखला भेटते. जी झालीच नाही तिचा कुठून देऊ? उद्या कोणी येईन अन् म्हणन, मी मेलो नाही याचा दाखला द्या." तिसऱ्या खेपेला मी कांताबाईंना सोबत नेलं. (कांताबाई म्हणजे आपल्या मुलींच्या शाळेच्या बाई. तू गेलास त्यानंतर अमरावतीकडून बदलून आल्या. इंग्रजी उत्तम. अक्षर मोत्यासारखं.) त्यांनी पंजाबरावांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पेन्शनवाले दरसाल तुमच्याकडून हयातीचा दाखला नेतात, तो कायचा असते? न मेल्याचाच ना?" अख्खी कचेरी कामं थांबवून पाहत होती. पंजाबरावांनी पुन्हा चष्मा पुसला आणि अर्ज नायब तहसीलदारांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मला तर त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मी टोपी काढून पुन्हा घातली.

नायब तहसीलदार तरुण आहेत. ते म्हणाले की दाखला देऊ, पण चौकशी रीतसर झाली पाहिजे : बाजाराच्या दिवशी गावात दवंडी द्या, ज्याची हरकत असेल त्याने आठ दिवसांत येऊन सांगावं. मला ही युक्ती फार पसंत पडली. आणि इथेच घोळ झाला. कोतवालाने भर बाजारात ढोल बडवून सांगितलं की ऐका हो ऐका, डोमाजी फिटरच्या घरचा भीमराज, राहणार हल्ली जर्मनी, हा अविवाहित आहे. पुढचं हरकतीचं कोणी ऐकलंच नाही. आपल्याकडे मुलगा अविवाहित आहे असं ढोल बडवून कोणी कशाला सांगेल? संध्याकाळपर्यंत माझ्या ओसरीवर मुलींचे सात बाप बसलेले होते. एकजण तर नेरहून बैलगाडी जुंपून मुलीलाच घेऊन आला, म्हणजे पुन्हा खेप नको. एकाने विचारलं की जर्मनी पुसदच्या अलीकडे की पलीकडे. दुसरा म्हणाला, कितीही दूर असो, पंचमीला पोरीला माहेरी पाठवाल ना, तेवढं सांगा. मी घसा फोडून सांगत होतो की बाबांनो, मुलाचं ठरलं आहे, तर ते एकमेकांकडे पाहून माना डोलवत. भाव वाढवून राह्यला, असं त्यांचं मत पडलं. तीन दिवस माझा चहा, साखर आणि आब, तिन्ही संपत आले. शेवटी कांताबाईंनी फळ्यावर ठळक लिहून तो फळा माझ्या दारात उभा केला : 'भीमराजचे लग्न ठरले आहे. बसू नये.' (बाई समोरच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे सोयीचं पडलं.)

पण खरी धोंड आठव्या दिवशी आली. मुदत संपायला तास उरला होता, पंजाबराव शाई वाळवत होते, आणि भगवानराव काठी टेकत कचेरीत हजर! हे भगवानराव तुला आठवतील. सत्तरी उलटलेले, आपल्याच वस्तीतले, आयुष्यात खोटं बोललेले नाहीत आणि कोणाचं जेवण चुकवलेलं नाही. ते म्हणाले, "हरकत हाये. या पोराचं लगन झालं हाये. म्या जेवलो त्या लग्नात. पुरी, वांग्याची भाजी अन् बुंदी होती. पोराच्या डोक्याले बाशिंग बांधेल होतं, या डोळ्यानं पाह्यलं. खोटं कायले बोलू?"

भीमराज, माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण म्हातारा खरं बोलत होता.

हे मी तुला पंचवीस वर्षांत सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंही नव्हतं. पण आता सरकारदरबारी माझ्या जबानीत नोंद झाली आहे, तेव्हा तुलाही कळलेलं बरं. ते लग्न माझं होतं. तुझे वडील तू पोटात असताना गेले, तू दीड महिन्याचा असताना माझी बहीण गेली, आणि तू माझ्या खांद्यावर आलास, एवढं तुला माहीत आहे. तू दोन वर्षांचा झालास तेव्हा माझं लग्न ठरलं. तेव्हा आपण जुन्या रीतीने बाशिंगं बांधत होतो. मला बाशिंग बांधलेलं पाहून तू असं भोकाड पसरलंस की वाजंत्री ऐकू येईना. म्हणून तुलाही एक छोटं बांधलं आणि मांडीवर घेतलं. तेवढ्यात मुलीचे वडील जवळ आले आणि हळूच म्हणाले की लग्नानंतर हे पोर कोणा नातेवाइकाकडे ठेवा, आमच्या मुलीवर भार नको. मी म्हटलं, हे पोर कुठेही जाणार नाही. ते म्हणाले, मग आमची मुलगीही येणार नाही. गाड्या फिरल्या. स्वयंपाक दीडशे माणसांचा झालेला होता, तो वाया कसा घालवायचा? मी वस्तीला जेवू घातलं. भगवानराव तीन पंगतींना बसले होते, गाड्या फिरलेल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत.

हे सगळं मी कचेरीत, सगळ्यांसमोर सांगितलं. (मुलगी माझ्याहून वीतभर उंच होती, हेही सांगितलं. उगाच कोणी हळहळायला नको. तूही हळहळू नकोस. मला त्या दिवसाचं वाईट वाटलं ते एवढंच की बुंदी मला उरली नाही.) माझी जबानी कांताबाई लिहून घेत होत्या. मध्येच त्यांचा टाक थांबला. मी विचारलं, शाई संपली का? त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. पंजाबराव तिसऱ्यांदा चष्मा पुसत होते, आणि भगवानराव मोठ्याने म्हणाले, "म्हणजे म्या न झालेल्या लग्नाचं जेवलो?" मग त्यांनी स्वतःची हरकत स्वतःच मागे घेतली, अंगठा उठवला, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

पण पंजाबराव ते पंजाबरावच! म्हणाले की हरकतीत एका लग्नाचा उल्लेख आला आहे, तेव्हा ते लग्न झालंच नाही हे वेगळं सिद्ध झाल्याशिवाय फाईल बंद होत नाही. म्हणून नायब तहसीलदारांनी तिथल्या तिथे दोन दाखले केले : एक भीमराजचा आणि एक डोमाजीचा. दोन्हींवर गोल शिक्का, दोन्हींवर सही, दोघेही अविवाहित, दोघांच्याही लग्नाला कायद्याची हरकत नाही. बोरी अरबच्या इतिहासात असा कागद कोणाला मिळालेला नाही, आणि आपल्या घरात दोन आले! परतताना यष्टीच्या कंडक्टरलाही मी दाखवले. जिनात सगळ्यांनी हात धुऊन वाचले.

तुझा दाखला, शाळेचा जन्मतारखेचा उतारा आणि कांताबाईंनी केलेलं दोन्हींचं इंग्रजी, हवाई टपालाने सोबत पाठवत आहे. इंगेबाईंच्या वडिलांना म्हणावं, अख्ख्या बाजाराला विचारून घेतलेला जावई आहे. वीस मार्चला लग्न कर, सुखी राहा, आणि त्या दिवशी तरी फोटोत हस.

तुझा विजयी मामा,
डोमाजी

ता. क. – पाकीट उघडताना जपून. शिक्क्याची शाई अजून थोडी ओली आहे असं मला वाटतं. कांताबाईंना तसं वाटत नाही.

ता. क. – माझा दाखला मी इथेच ठेवला आहे. पेटीत घालणार होतो. पण कांताबाई (त्यांचे यजमान बारा वर्षांपूर्वी वारले) म्हणाल्या की एवढा खटाटोप करून मिळवलेला सरकारी कागद नुसता पेटीत ठेवणं बरं नाही. मी दोन दिवस विचार केला, की बाई असं का म्हणाल्या असतील. तिसऱ्या दिवशी जाऊन विचारलं.

ता. क. – तर खरं काम असं आहे. कांताबाईंची हरकत नाही. कायद्याची तर नाहीच, शिक्का आहे. पण बाई म्हणतात, ज्या पोरासाठी तुम्ही भरल्या मांडवातून लग्न परत पाठवलं, त्याला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. त्याचं लेखी आणा. तेव्हा उलट टपाली तुझ्या हाताने लिहून पाठव की डोमाजीमामाच्या लग्नाला माझी कसलीही हरकत नाही. सही ठळक कर. शिक्का नसला तरी चालेल. आता आपल्यात बाशिंग बांधत नाहीत, नाहीतर तुझ्यासाठी एक छोटं करून ठेवलं असतं.