शेजाऱ्याकडे ठेवलेली किल्ली

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी बिल्डरच्या ऑफिसात ट्रेसिंग कागदावर घरांचे नकाशे काढत होतो. अजूनही घरंच काढतो. फक्त ती आता विटांची नसतात, आणि त्यांत राहणाऱ्यांपैकी एकालाही मी कधी पाहिलेलं नाही. हे तुम्हांला समोर बसवून सांगायला मला फार आवडलं असतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ऐकलं असतं आणि शेवटी एवढंच विचारलं असतं की, पाणी कुठून येतं?

पाणी येत नाही. लागतच नाही. हा एक खेळ आहे, संगणकावरचा. देशोदेशीचे हजारो लोक आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात शिरतात. प्रत्येकाचा एक सोंगटीसारखा माणूस असतो, कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी डोक्याला शिंगं असलेला राक्षस. ते जंगलात जातात, लढतात, बाजार करतात, आणि थकले की त्यांना परतायला घर हवं असतं. ते घर कसं असावं, कुणाला मिळावं, कुणाकडून कधी काढून घ्यावं, याचे नियम बनवणं हे माझं काम. खेळ परदेशातल्या कंपनीचा आहे, पण त्यातल्या वस्त्या बडोद्यातल्या अकोटा भागात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही तीस जण बांधतो. मी त्यांत सगळ्यांत मोठा. बाकीच्यांनी शाळेतच संगणक पाहिला होता. मी गावच्या शाळेत धुळीत बोटानं आकृत्या काढून भूमिती शिकलेला, दहावीनंतर तुमच्याकडे बडोद्याला आलेला. संगणकावर नकाशे काढायला शिकलो तेव्हा तिशी जवळ आली होती. ही मुलं मला काका म्हणतात.

पहिलं घर मी काढलं ते आपल्या सवयीनं. पावणेसात फुटांचं दार, चार इंची उंबरठा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. माप इंचभरही चुकलं नव्हतं. सगळे बघायला जमले, आणि एका मुलानं त्याचा राक्षस दारातून आत घातला. शिंगं चौकटीत अडकली. मग एक साधा माणूस घातला, तर तो उंबरठ्याशी जागच्या जागी चालत राहिला. उंबरठा ओलांडायचा असतो हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "काका, तमारा घरमां राक्षस पेसतो ज नथी," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, मग बरोबरच बांधलंय. दोन दिवस ऑफिसात तो विनोद चालला. पण नंतर मला कळलं की खेळात माणूस एकटा घरात शिरत नाही. खेळणाऱ्याचा डोळा त्याच्या पाठीमागून, डोक्याच्या थोडा वरून चालत असतो. दार दोघांचं करावं लागतं, त्या माणसाचं आणि त्याला पाहणाऱ्याचं. तेव्हापासून मी दारं दुप्पट काढतो. उंबरठाही ठेवला आहे, पण नुसता रंगवलेला.

ही सगळी प्रस्तावना झाली. लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. बडोद्याजवळ नंदेसरीच्या कारखान्याच्या कॉलनीत तुम्ही क्वार्टरांचं रजिस्टर सांभाळत होता. कोण आलं, कोण गेलं, कोणतं घर रिकामं. त्यातला एक उन्हाळा मला अलीकडे सारखा आठवतो. मागच्या ओळीतल्या कोपऱ्याच्या क्वार्टरातले ऑपरेटर ड्यूटीवर असतानाच गेले. नियम महिन्याभरात घर खाली करण्याचा. त्यांची बायको पाद्रा गावी भावाकडे जाणार होती. महिना भरला त्या दिवशी टेम्पो आला, सामान चढलं, आणि नेमका त्याच सकाळी निरोप आला की भावाच्या घरी मूल जन्मलं. म्हणजे दहा दिवस सोयर. त्या घरात देव बसवता येणार नाहीत. देव दहा दिवस रस्त्यावर ठेवायचे की टेम्पोत, हे कोणत्याच नियमात नव्हतं. बेन रडत नव्हत्या. कोनाड्यातल्या बाळकृष्णाकडे बघत उभ्या होत्या. मग तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाई, मारा ठाकोरजी दस दिवस तमारे भरोसे."

तुम्ही त्यांच्या हातातून कुलूपकिल्ली घेतली. दुसऱ्या दिवसापासून तुमची आंघोळ झाली की तुम्ही पितळी तांब्या घेऊन त्या रिकाम्या क्वार्टरात जायचात, ठाकोरजींची पूजा करायचात, खडीसाखर ठेवायचात, झाडू मारायचात आणि कुलूप लावायचात. आपल्या घरी दत्ताची पूजा त्यानंतर, ऑफिसात जायच्या आधी, जरा घाईत. आई म्हणायची, आपल्या देवाला शिळी आंघोळ. रजिस्टरात तुम्ही त्या घरापुढचा रकाना कोरा ठेवला होता. साहेबांनी विचारलं तेव्हा मी डबा द्यायला आलो होतो, म्हणून तुमचं उत्तर मी कानांनी ऐकलं.

"साहेब, सामान गेलंय. घर अजून गेलेलं नाही."

साहेब गुजराती होते. त्यांना मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी फाईल मिटली.

पाचव्या दिवशी तुम्ही बँकेच्या कामाला शहरात गेला होता आणि नवीन माणूस बायकोला घेऊन सामानासकट दारात आला. त्याच्या हातात घर मिळाल्याचा कागद होता. बायकोला सातवा महिना असावा. ऊन असं की टेम्पोच्या पत्र्याला हात लागत नव्हता. शेजारपाजारचे बाहेर आले. कुणी म्हणालं, मेलेल्याच्या घराला राखण बसवलीय. कुणी म्हणालं, हे मराठी लोक देवालासुद्धा क्वार्टर अलॉट करतात. मी आपल्या घरातल्या खिळ्यावरची किल्ली काढली. दार उघडलं, कोनाड्यातले ठाकोरजी पितळी डब्यात घातले, वर फडकं बांधलं आणि आपल्या घरी फळीवर ठेवले. त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. उलट आपण मोठं काम केलं असं वाटलं.

तुम्ही परत आलात तेव्हा अर्धं सामान आत गेलं होतं. तुम्ही आवाज चढवला नाही. त्या दोघांना आपल्या घरी बोलावलंत, आईला चहा टाकायला सांगितलंत, आणि चहा संपेपर्यंत ठरवून टाकलंत की उरलेले पाच दिवस ती दोघं आपल्या पुढच्या खोलीत राहतील आणि आपण सगळे आतल्या. सामान पुन्हा बाहेर काढून व्हरांड्यात लावलं. ठाकोरजी पुन्हा कोनाड्यात गेले. मला वाटलं सुटलो. मग कुलूप लावताना माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "ती बाई उन्हात उभी होती म्हणून तू दार उघडलं नाहीस. लोक तुला नावं ठेवतील म्हणून उघडलंस."

तेवढंच.  पण खरं बोललात, म्हणून मी महिनाभर तुमच्याशी धड बोललो नाही. दहा दिवसांनी बेनचा भाऊ आला, डोक्यावर टोपी घालून ठाकोरजी घेऊन गेला, आणि तुम्ही रजिस्टरात लिहिलंत, रिकामं.

आता आमच्या खेळात अडचण अशी आहे की एका वस्तीत चाळीसच भूखंड असतात. त्याहून जास्त घरं दिसायला लागली की संगणक दमतो. लोक घर बांधतात, चार महिने सजवतात आणि एके दिवशी यायचं थांबवतात. घर तसंच उभं राहतं. नवे लोक रांगेत. परदेशातून नियम आला की पंचेचाळीस दिवस जो येणार नाही त्याचं घर पाडायचं, सामानासकट. मीच ते यंत्रात बसवलं. एका सोमवारी पहिल्यांदा चालवलं आणि दुपारच्या जेवणाच्या आत कितीतरी घरं नाहीशी झाली. ऑफिसात टाळ्या वाजल्या, कारण रांग हलली होती.

आठवड्यानं पत्रं यायला लागली. बहुतेक शिवीगाळीची होती, त्यांचं काही वाटलं नाही. एक मात्र एका खलाशाचं होतं. दोन महिने बोटीवर होता, तिथं संपर्क नसतो. खेळातलं ते घर त्यानं आपल्या लहान बहिणीबरोबर सजवलं होतं. ती लग्न होऊन दूर गेली, आणि दोघं सुटीच्या दिवशी तिथंच भेटत. त्यानं लिहिलं होतं, घर परत द्या असं म्हणत नाही, नियम असेल. पण भिंतीवर काय कुठे होतं याचं एखादं चित्र तुमच्याकडे असलं तर पाठवा. चित्र आमच्याकडे नव्हतं. आम्ही ठेवतच नव्हतो. मी त्या पत्राला तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. पुढचं पाडकाम महिन्याभरावर होतं. मी ठरवलं, या नियमानं आता एकही घर पडू द्यायचं नाही.

आमचा प्रमुख माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, हुशार, मनानं चांगला. तो म्हणाला, "काका, ए लोको रमवा आवे छे, रहेवा नहीं." लोक खेळायला येतात, राहायला नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "तो पछी घर केम आप्युं?" घर दिलंच कशाला, या प्रश्नावर तो हसला, पण खुर्ची माझ्याकडे वळवून बसला. मी त्याला कॉलनीतली पद्धत सांगितली. मे महिन्यात गावी जाताना आपण किल्ली शेजारी ठेवायचो. शेजारी तुळशीला पाणी घालायचा, आठवड्यातून एकदा दार उघडायचा. घर बंद असायचं, पण बेवारस नसायचं. खेळातही तसं करू. जाणाऱ्यानं किल्ली एका शेजाऱ्याकडे द्यायची. शेजारी दार उघडून आत फिरून आला की ते पंचेचाळीस दिवस मोजणं थांबेल. तो लगेच म्हणाला, मग दहा मित्र मिळून सगळी वस्ती अडवून ठेवतील. मी म्हटलं, एका माणसाकडे एकच किल्ली, आणि तीही तीन महिनेच. त्यानंतर सामान बांधून ठेवायचं, पाडण्याआधी प्रत्येक खोलीचं चित्र काढायचं आणि मालकाला पाठवायचं. आणि रांगेतल्यांचं काय, त्यानं विचारलं. रांगेतल्यांना कुणाच्याही घरात पाहुण्याची खाट मिळेल, पेटी ठेवायला जागा मिळेल. हे मला सुचायला कष्ट पडले नाहीत. आपल्या पुढच्या खोलीतली ती पाच दिवसांची खाट मला पाठ होती.

तो म्हणाला, दीड महिन्याचं काम आहे आणि हातात महिना. परदेशातले लोक ऐकणार नाहीत. मी म्हटलं, त्यांना नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं. चार रविवार ऑफिस उघडलं. पूजा आटोपून सकाळी नऊला यायचो. किल्लीचा भाग मला जमला, चित्रांचा जमेना. मग तोच राक्षसवाला मुलगा आपणहून येऊन बसला. म्हणाला, काका एकले एकले दिवाळी करे छे. शेवटच्या शुक्रवारी परदेशातल्या कंपनीच्या बाईंसमोर मांडायचं होतं. माझं इंग्रजी तुम्हांला ठाऊक आहे. प्रमुख म्हणाला, मी बोलतो. मी म्हटलं, नाही, मी बोलीन, अडलो तर सांग. दोनदा अडलो. बाईंनी सगळं ऐकून विचारलं, हे तुम्ही कोणत्या खेळात पाहिलं? खेळात नाही म्हटलं, माझे वडील असं काम करायचे. त्यांनी वस्त्यांची यादी उघडली. मग म्हणाल्या, एका वस्तीत सहा महिने चालवून बघू, तोवर पाडकाम सगळीकडेच थांबवा. सोमवार आला आणि गेला. एकही घर पडलं नाही. खलाशाला मी उत्तर लिहिलं. त्यात चित्र नव्हतंच, पण यापुढे काय होईल ते होतं.

अण्णा, आता जे सांगायचं राहिलं ते. प्रयोगासाठी निवडलेल्या वस्तीत चाळीसपैकी एक भूखंड माझा आहे. बांधणाऱ्यांना एकेक मिळतो, तपासणीसाठी. त्यावर मी आपलं क्वार्टर बांधलं आहे. दोन खोल्या, व्हरांडा, तुमची लोखंडी खाट, रजिस्टर ठेवायचं स्टूल. दारसुद्धा जुन्या मापाचं, कारण तिथं दुसरं कुणी येणार नाही असं धरून चाललो होतो. तपासणी केव्हाच संपली. रांगेचा कागद माझ्याच संगणकावर दिसतो आणि त्यात पहिला माणूस कोण, किती दिवस उभा आहे, तेही दिसतं. पाहुण्याची खाट त्यानं घेतलेली आहे. माझ्या शेजारच्याच घरात राहतो तो. परवा मला हात करत होता. उद्या मी ते घर सोडणार आहे. प्रमुखाला तसं सांगूनही टाकलं आहे, म्हणजे आता मागं फिरता येणार नाही.

हे पत्राचे कागद मी कुठं पाठवणार? माझ्याकडेच राहतील. पण तुमच्यापासून लपवायचं तरी कशाला. त्या घरात मी खेळायला कधीच जात नाही. रोज सकाळी पूजा झाली की संगणक लावतो, दार उघडतो, आणि दिवस मोजणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं की बंद करतो. आज सकाळीही उघडलं.