शिवडीच्या गोदामातले चौथे यंत्र

गिरगाव,
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय टेरेन्स,

आईची प्रकृती ठीक आहे. तू दादरला मावशीकडे सुखरूप आहेस, असे कळले. आता वस्तुस्थिती, क्रमाने.

शिवडीच्या गोदामात आपली तीन संगणक-यंत्रे एकजुटीने मालाच्या नोंदी सांभाळतात. सोमवारी चौथे जोडले. नवे यंत्र एकाच वेळी सर्वांना हाक मारते. ओ आली की गटात शिरते. या वेळी ओ आली नाही. स्वतःला एकटे समजून ते स्वतःच प्रमुख झाले आणि नोंदी दुभंगल्या.

मंगळवारी सकाळी तूच फोन केलास : "व्हायोला, थेट तार जोडली की नवं यंत्र बाकीच्यांना लगेच सापडतंय गं. यंत्रांच्या तारा जोडणारा मधला स्विचच सगळ्यांसाठीच्या हाका गिळतोय." निदान अचूक होते. मी शाबासकी दिली. ती मी क्वचितच देते.

दुपारी गोदामात आपला तंत्रज्ञ दिनेश त्याच स्विचकडे बोट दाखवून म्हणाला, "यंत्र बहिरं नाही रे, दारवान बहिरा आहे." मी जिन्यात होते, शब्द न् शब्द ऐकला.

"तूच बिघडवलंस. कोळीवाड्यात जाऊन बोंबील वाळव," तू म्हणालास. पुढची शिवी मी लिहिणार नाही.

तो हसला. "वाळवतो की. तू ये चाखायला."

मग रॅकची लोखंडी पट्टी. पहिल्या फटक्याने जबडा मोडला. दुसरा, तो गुडघ्यांवर असताना, डाव्या डोळ्यावर. तिसऱ्यासाठी उचललेला तुझा हात मी दातांनी धरला. आणखी खोल चावले नाही, याचा मला खेद आहे.

पोलिसांना तू सांगितलेस की त्याने यंत्रे मुद्दाम बिघडवली आणि झटापटीत तो पडला. इस्पितळात त्याच्या खाटेशी आता पोलीस शिपाई बसतो. डोळा गेला. जबडा बांधलेला असल्याने स्वतःची बाजूही त्याला मांडता येत नाही.

क्रमातली एक गोष्ट मी गाळली. मधल्या वेळेत तू जेवायला घरी आला होतास. मी दिनेशशी लग्न करणार असल्याचे आईला सांगितले. तू ताटावरून उठलास. तुझ्या पाठोपाठ मी टॅक्सी केली.

अज्ञानाने मारणारा मूर्ख असतो. तू मूर्ख नाहीस. तो बहाणा मी तुला करू देणार नाही. हे काम मीच तुला शिकवले आहे.

उद्या माझी जबानी आहे. क्षमा मागू नकोस, आईला मध्ये घालू नकोस. सकाळी तुला काय ठाऊक होते आणि दुपारी तू का मारलेस, एवढेच स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी लिहून पाठव. नाही पाठवलेस, तर ते मी सांगेन, तुझ्यापेक्षा नेमके.

उत्तर लेखीच हवे.

अजून तरी तुझी बहीण,
व्हायोला