मुकुट सांभाळू नकोस

धुळे,
बुधवार

प्रिय जिनल,

रविवारी तू साध्वीजी होशील. मग 'अगं जिनल' म्हणायची सोय नाही. हात जोडायचे, वंदना करायची आणि चार हात लांब बसायचं. म्हणून शनिवारपर्यंत जेवढं 'अगं' म्हणता येईल तेवढं म्हणून घेणार आहे. तू दीक्षा का घेतेस, यासाठी हे पत्र नाही. त्यावर आपलं भांडून झालं, मी हरले, विषय मिटला. हे भांडण वेगळं आहे आणि कालच सुरू झालंय.

काल दुपारी तुझ्या भाच्याचा, अर्पितचा, फोन आला. मी धुळे-जळगाव गाडीवर होते आणि गाडी पारोळ्याच्या स्टँडवर उभी होती. म्हणाला, मावशी, शनिवारी संध्याकाळी आत्याचा विदाई समारंभ आहे, तुम्ही तिची सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणून दोन शब्द बोला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या मोठ्या मंडपात, तुमच्या जैन संघासमोर, एसटीची कंडक्टर माईकवर बोलणार. फोन ठेवते न ठेवते तोच त्याने ते दोन शब्द लिहूनही पाठवले. वाचले आणि माझं डोकंच फिरलं. 'कॉलेजच्या वयात आम्हा दोघींना कर्कश संगीताचा नाद होता. पण वय वाढलं तशी जिनलबेनला समज आली आणि तो पोरखेळ आपोआप सुटला. त्याच समजेने त्या आज संयमाच्या वाटेवर आहेत.' पोरखेळ! मी त्याला उलटा फोन लावला आणि अशी ओरडले की भजी तळणाऱ्याने झारा खाली ठेवला. अर्पित बिचारा घाबरला. म्हणाला, मावशी, मी मनाचं लिहिलं नाही, आत्याला वाचून दाखवलं, ती हो म्हणाली.

तू हो म्हणालीस. मला पोरखेळापेक्षा हेच जास्त लागलं.

मग आठवण करून देते, म्हणजे हो म्हणताना तू काय काय पुसलंस ते तुला कळेल. मी अमळनेरजवळच्या खेड्यातून जळगावला हॉस्टेलला आले तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि मोठा आवाज होता. आवाजाची मला लाज वाटायची. वर्गात हजेरी दिली तरी पोरं हसायची. तू दलिचंदकाकांच्या भांड्यांच्या दुकानातली लाडकी लेक, केसांना तेल, दोन वेण्या, खाली मान. तुझ्याकडे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून कोणाकोणाच्या हातून आलेली हेवी मेटलची एक कॅसेट होती. तू मला दुकानाच्या मागच्या गोडाऊनमध्ये नेलंस आणि टेप लावलास. पहिल्यांदा मला वाटलं टेप बिघडला. मग त्या गाण्यातला माणूस ओरडायला लागला आणि मला कळलं की माझ्यासारख्या आवाजाची कुठेतरी गरज आहे. त्या दिवसापासून मी हजेरी कधी हळू दिली नाही.

आणि तू? तू पालथ्या पातेल्यांवर, पिंपावर, परातीवर वाजवायला लागलीस. कोणत्या जाडीच्या पत्र्याचा आवाज कसा, हे तुला कोणी शिकवावं लागलं नाही, जन्मच त्यात गेलेला. धुळ्याचा नवल वडिलांच्या बँडमधून पळून यायचा आणि जुनी गिटार आणायचा. आपलं नाव ठेवलं 'घमेलं'. गॅदरिंगच्या यादीत सरांनी आपल्याला भावगीतात घातलं होतं आणि आपण 'पारा' गायलो. जळगावच्या मे महिन्यावरचं गाणं, चाल नवलची, ओरडणं माझं. पहिलं कडवं संपेपर्यंत कोणीतरी वीज बंद केली. गिटार गेली, माईक गेला. पण परातीला वीज लागत नाही. तू वाजवत राहिलीस, वेण्या सुटल्या, मान अशी गरागरा हलत होती की पुढच्या रांगेतल्या बाया उठून मागे गेल्या. सुट्टीत आपण माझ्या गावीही तेच केलं. माझी आई, पुष्पाबाई, धावत ओसरीवर आली आणि म्हणाली, "हाई काय शे वं? कोन्ही रडस का कोन्ही भांडस?" आणि मग कपाळाला हात लावून, "ह्या पोरीस्नी बठ्ठं गाव उठाडी टाकं!"

इथपर्यंत अर्पितचं खरं आहे. कॉलेजचं वय होतं. पण त्यानंतर काय झालं ते त्याला कुठे माहीत आहे? काल तोच मला कौतुकाने सांगत होता, की आत्या इतकी कष्टाळू, रविवारी दुकान बंद असलं तरी गोडाऊनमध्ये माल लावायला जायची आणि तुम्हीही धुळ्याहून तिच्या मदतीला यायच्या. माल लावायला! मला हसू आवरेना आणि रडूही. जिनल, आपण किती वर्षं तो माल लावला गं? माझं लग्न झालं, पोरं झाली, तुझं जमता जमता राहिलं आणि मग तूच नको म्हणालीस, दलिचंदकाका गेले, दुकान तुझ्या अंगावर आलं. बाळंतपणं आणि आजारपणं सोडली तर रविवार चुकला नाही. डेपोत मी दिवाळीची ड्यूटी घेतली, गणपतीची घेतली, पण रविवारची सुट्टी सोडली नाही. शटर अर्धं खाली ओढायचं, आवाज अडवायला आतून पोती लावायची आणि 'पारा'पासून सुरुवात. आपले गुडघे दुखायला लागले, तुला चष्मा लागला, मला मधेच पाणी प्यावं लागायला लागलं. ठोका मात्र तोच. खरं तर आधीपेक्षा चांगला, कारण आता घाई नव्हती.

तो प्रसंग आठवतो? शेजारचा दुकानदार तुझ्या आईला, प्रेमकुंवरकाकींना, घेऊन शटरबाहेर आला होता. आत तुझा परातीवर पाऊस चाललेला. तो म्हणाला, काकी, हे काय चाललंय? आणि काकी ठामपणे म्हणाल्या, लग्नाची मोठी ऑर्डर आहे, भांड्यांवर नावं घालताहेत. आणि ती जी ओरडते, ती कोण, त्याने विचारलं. काकी म्हणाल्या, ती जिनलची मैत्रीण दीपा, कारागिरावर ओरडते, कामात चूक चालत नाही तिला. आपण आत तोंडात पदर कोंबून बसलो होतो. तेव्हापासून अख्ख्या गल्लीला पक्कं माहीत, की रविवारी नावं घालतात. मी तर आजही म्हणते की काकींना सगळं ठाऊक होतं. आपली पोर रविवारी खूष असते, एवढं त्यांना पुरलं.

आता मला सांग, यात वय कुठे आलं? माझा नवरा ललित नरडाण्याला कंपनीत जातो, पन्नाशी उलटली त्याची. क्रिकेटची मॅच असली की टीव्हीवर चहाचा कप फेकायचा बाकी ठेवतो. त्याला कधी कोणी विचारत नाही, काय ललितराव, अजून सुटलं नाही का? माझा मोठा भाऊ रुपचंद जुनी गाणी लावून डोळे पुसतो, त्याला लोक रसिक म्हणतात. वरातीत साठीचे नाना-आबा डोक्यावर बाटली धरून नाचतात, त्यांची हौस. आणि मी कानात हेडफोन घालून डेपोच्या रेस्टरूममध्ये पाय हलवला की, काय हो ताई, या वयात? या वयात म्हणजे काय? एकोणिसाव्या वर्षी मला राग कशाचा येत होता ते मला धड सांगताही आलं नसतं. आता येतं. दिवसभर फाटक्या सीटांच्या गाडीत उभी असते, सुट्ट्यावरून शिव्या खाते, दारू पिऊन चढलेल्याला एकटी खाली उतरवते, घरी गेले की कुकर लावते. हे संगीत माझ्या वयाला आता कुठे बरोबर मापाचं बसायला लागलंय. पोरांनी ते आमच्याकडून उसनं घेतलंय, असं समजावं.

तुला राग येईल, पण तुझ्याबद्दलही सांगते. तुझं ते वाजवणं रागाचं कधीच नव्हतं. मी ओरडत असायचे तेव्हा तुझे डोळे मिटलेले असायचे आणि चेहरा असा, की कोणी म्हणावं ही सामायिकाला, ध्यानाला बसलीय. शेवटच्या रविवारी तू म्हणालीस, दीपा, त्या ठोक्याच्या आत मला जी शांतता लागते, तीच आता ठोक्याशिवाय शोधायची आहे. मला अर्धं कळलं. मी चिडून विचारलं, मग एवढं आवडतं ते सोडतेस कशाला? त्यावर तू परातीवरून हात फिरवत म्हणालीस, आवडतं म्हणूनच तर. जे मनातून उतरलंच आहे ते सोडलं, तर त्यात मी काय सोडलं? त्या वाक्याने मी हरले. म्हणूनच तर भांडण मिटलं. आणि आता तूच अर्पितला हो म्हणतेस, की आपोआप सुटलं? तुझं सगळ्यात मोठं दान तू पोरखेळ म्हणून रद्दीत घालायला निघालीस?

कशासाठी ते मला कळतं. संघातले मोठे लोक येतील, महाराजसाहेब असतील, काकींना या वयात खाली बघायला लागू नये. लोक म्हणतील, एवढी धार्मिक बाई आणि शटर ओढून हे करत होती? म्हणूदेत ना! तू घर सोडणार, दुकान सोडणार, चप्पल सोडणार, पंख्याचा वारा सोडणार, रविवारी सगळ्यांदेखत केस काढणार. एवढ्या सगळ्याला न भिणारी माझी मैत्रीण एका परातीला का भिते? मला तुझा भयंकर राग आलाय, जिनल. आणि तुझ्याशिवाय रविवारचं काय करायचं ते मला माहीत नाही, हेही त्या रागातच आहे.

परवा तू पाठवलेलं पार्सल मिळालं. कॅसेटी, हेडफोन आणि ती परात, तिच्या काठावर तूच यंत्राने नाव घातलेली, 'घमेलं, जळगाव'. सासूबाई म्हणाल्या, एवढी पोचे पडलेली परात कशाला घेतली, कणीकसुद्धा मळता येणार नाही. मी ती भिंतीला टांगली आहे. कणीक दुसऱ्या परातीत मळते.

आता हे पत्र कशासाठी, ते. आमचे ड्रायव्हर जीवरामभाऊ ते उद्या दुकानात तुझ्याच हातात देतील, दुसऱ्या कोणाच्या नाही. शनिवारी सकाळी तुझा वरघोडा, दीक्षेची मिरवणूक, निघेल. तू नवरीसारखी सजून रथात उभी असशील, डोक्यावर मुकुट, आणि दोन्ही हातांनी तांदूळ अन् नाणी उधळत असशील. पुढे बँड असेल, तो धुळ्याचा आहे. अर्पितला वाटतं त्याने स्वस्तात ठरवला. स्वस्तात दिला, कारण तो नवलचा आहे. सगळा रस्ता ते स्तवनंच वाजवतील, तुझ्या दिवसाला गालबोट लावायला आम्ही काही वेडे नाही. फक्त तुमच्या दुकानाच्या वळणावर, बंद शटरसमोर, नवल 'पारा'चं पहिलं कडवं वाजवणार, क्लॅरिओनेटवर आणि ढोलावर. पांझरेच्या काठावर तालीम झाली, मी ऐकून आले, अंगावर काटा आला. कोणाला काही कळणार नाही. तुला कळेल. ते अर्पितचं वाक्य मी म्हणणार नाही, हे पक्कं. संघ रागावला तरी नाही. पण खरं सांगायचं की नाही, हे माझ्या एकटीचं नाही, तुझंही आहे. मी त्या वळणावर, शटरला टेकून उभी असेन. तू नुसती उधळत पुढे गेलीस, तर संध्याकाळी मी माईकसमोर येईन, हात जोडेन, काही न बोलता खाली उतरेन, आणि तुझा-माझा रविवार माझ्याबरोबर राहील. पण तू मान हलवलीस, तर मी सगळ्यांसमोर सांगेन की ही बाई शेवटच्या रविवारपर्यंत वाजवत होती, हिला ते जिवापाड आवडत होतं, आणि ते हिने सोडलं. हलवायची तर नीट हलव, गॅदरिंगला हलवली होतीस तशी. मुकुट सांभाळू नकोस. पडला तर पडू दे, दुसऱ्या दिवशी तसाही उतरवायचाच आहे.

शटरपाशी उभी असलेली,
तुझीच,
दीपमाला