गुलाबी मलिक अंबर

अल् खुवैर, मस्कत
ता. ४ ऑक्टोबर १९९९

ती. अम्मीस,
मुनिबाचा सलाम वि. वि. इकडे सगळे खुशाल.

समरीनच्या शाळेत नवीनच टूम निघाली आहे. प्रत्येक मुलाने इतिहासातला एक माणूस बनायचं, तसे कपडे घालायचे आणि स्टेजवर ‘मी अमुक’ म्हणून स्वतःची कहाणी सांगायची. मी चाँदबीबीसाठी जरीचा पोशाख शिवायला टाकला, तर तुझी नात म्हणते, मी मलिक अंबर होणार. का, तर तो हबशी होता, आपल्यासारखा.

तिचे पप्पा हसतात. मला मात्र झोप नाही. वर्गात तिला आधीच काळी म्हणून चिडवतात. आता स्वतःच्या तोंडाने ‘मला गुलाम म्हणून विकलं’ म्हणाली की पोरं वर्षभर सोडायची नाहीत. आपण सिद्दी, हे इथे कुणाला ठाऊक नाही. कोकणी म्हटलं की भागतं. तू तिला दोन ओळी लिही, तुझं ऐकेल.

तुला इकडे आणायचं यंदाही राहिलं. उन्हाळा फार कडक होता.

दुवेत आठवण असू दे.
तुझी मुनिबा

मुरूड, जि. रायगड
ता. १८ ऑक्टोबर १९९९

चि. मुनिबास,
हवाबीच्या अनेक दुवा. पत्र पावलं.

तशा ओळी मी लिहायची नाही. उलट आपल्या शेजारचा बदरुद्दीन सुट्टी संपवून तिकडे रुसैलच्या कारखान्यात परत येतोय, त्याच्याबरोबर तुझ्या अब्बांची शेरवानी धाडते आहे. बाह्या आत दुमड, कापू नकोस. सोबत सुका जवळा आहे.

पोरीला सांग, ‘मला विकलं’ हे खणखणीत म्हण. शरमायचं तर विकणाऱ्यांनी, तिने कशाला? आणि पुढचंही सांग म्हणावं. त्याच पोराने शहर वसवलं, नहर खणून पाणी आणलं, मोगलांच्या फौजा दमवल्या.

तू लहानपणी ईदला पावडरचा अख्खा डबा तोंडाला लावायचीस आणि रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखी दिसायचीस. आता लेकीलाही घोळवणार का?

उन्हाळ्याचं म्हणशील तर तुझ्या सासूबाई दोनदा ऐन मे महिन्यात येऊन गेल्या. गोऱ्यापान बाईला ऊन सोसलं, मग मला काळीला काय बाधणार होतं? वाईट वाटतं, म्हणून लिहिलं.

लोभ आहेच. तो चारचौघांतही असू दे.
तुझी अम्मी

अल् खुवैर, मस्कत
ता. १५ नोव्हेंबर १९९९

ती. अम्मीस,
मुनिबाचा सलाम वि. वि.

गुरुवारी कार्यक्रम झाला. आपल्या गॅदरिंगची रीत तुला ठाऊकच आहे. मेकअपवाले काका पोरांची रांग लावतात आणि सगळ्यांच्या तोंडाला एकच गुलाबी रंग फासतात. टिळक गुलाबी, अकबर गुलाबी. मी विंगेत गेले तर अब्बांच्या शेरवानीत मलिक अंबरही गुलाबी. बायका म्हणत होत्या, किती गोड दिसते. समरीन नुसती माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले.

मला राहवेना. ओढणी भिजवली आणि तिचं तोंड खसाखसा पुसलं. काका ओरडले की फोटोत काळी दिसेल. म्हटलं, दिसू दे, माझ्या अम्मीवर गेली आहे.

‘मला विकलं’ म्हणताना तिचा आवाज जरा कापला. पण नहरीला पाणी आलं तेव्हा हॉलभर टाळ्या. पाहुण्या म्हणून आलेल्या ओमानी बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांची आजी झांझिबारची. तुमचं कुणी आफ्रिकेचं का, असं मला विचारलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही मुरूडचे सिद्दी.

शनिवारी शाळेत एकाने पुन्हा काळी म्हटलं, तर समरीन बाईसाहेबांनी त्याला आपल्या फौजेतून काढून टाकलं म्हणे.

आता थंडी पडेल. समरीनचे पप्पा तुझ्या व्हिसाच्या मागे लागले आहेत. ये. चारचौघांत वाट बघते आहे.
तुझी मुनिबा

ता. क. व्हिसाला तुझे दोन फोटो लागतील. स्टुडिओवाला पावडर पुढे करेल. लावू नकोस.