तीन बाटल्यांचा अहवाल

दि. ९ जून

चि. ठोंब्यास अ. उ. आ.

आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त आई कुरकुरते.

सलाईन बनवणाऱ्या परदेशी कंपनीचं आपल्या गावात जवळजवळ नक्की झालंय. त्यांची दुभाषी म्हणून सहा महिने मी म्हाताऱ्या साहेबाबरोबर कचेऱ्यांचे खेटे घालतेय. शी! एकेका टेबलाची शिसारी आलीय. जमिनीच्या कचेरीत एकानं दात कोरत आमचा अर्ज वाचला आणि सही कुठे राहिलीय ते त्याच काडीनं दाखवलं. साहेबानं दाखवली तिथे सही केली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता शेवटचा कागद तुमच्या सरकारी प्रयोगशाळेचा. नदीच्या पाण्याच्या तीन बाटल्या काल पाठवल्यात. अहवाल चांगला आला की कारखाना उभा, साठ मुलींना काम आणि मला सुपरवायझरची पक्की जागा. अकरा वर्षं हंगामी कामं करून विटले रे. तेवढं लवकर कर. जेवणाची हेळसांड करू नकोस.

आशीर्वाद आहेतच, उत्तराला उशीर केलास तर कान पिळीन.

तुझी ताई

दि. १४ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कान शाबूत राहावेत म्हणून लगेच लिहितोय. अहवाल आजच पाठवला. पाणी उत्तम! आता तू सुपरवायझर आणि मी सुपरवायझरचा भाऊ.

तू टेबलांना नावं ठेवतेस, एकदा आमच्याकडे ये. तपासणीचं मशीन नऊ महिने बंद आहे. एक सुटा भाग हवाय. त्याचा अर्ज पाच सह्या घेऊन परत येतो, कारण सहाव्या सहीचा माणूस निवृत्त झाला आणि जागा रिकामीच आहे. मशीनवर चादर घातलीय, तिच्यावर मोठे साहेब डबा ठेवतात. आम्ही मागल्या वर्षीचे आकडे उतरवून अहवाल देतो. सुरुवातीला मी डबा घेऊन बाहेर जायचो. आता तिथेच बसून जेवतो. तुझ्या कामाला मात्र कुणाला चहासुद्धा पाजावा लागला नाही, दोन दिवसांत सही करून मोकळा झालो. आपल्या नदीचं पाणी आहे, लहानपणापासून पितोच आहोत की.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
ठोंब्या

दि. २७ जून

ठोंब्या,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

काल साहेबानं मला आत बोलावलं. टेबलावर तुमच्याकडून परत आलेल्या तिन्ही बाटल्या होत्या. लाखेचं सील जसंच्या तसं. तिसऱ्या बाटलीत त्यानं मुद्दाम मूठभर मीठ घातलं होतं. तुझ्या अहवालात तिन्ही पाणी गोड, दशांशापर्यंत सारखं, आणि खाली तुझी वळणदार सही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला की लाच मागणाऱ्या कचेऱ्या त्यानं पुष्कळ पाहिल्यात, तिथे निदान अंदाज तरी बांधता येतो. पण जिथे बाटली न उघडता पाणी शुद्ध ठरतं, तिथे आजाऱ्याच्या शिरेत जाणारं पाणी तो कुणाच्या भरवशावर भरणार? नगराध्यक्ष समोरच बसले होते. हे सगळं त्यांना शब्दन् शब्द भाषांतर करून सांगायचं काम माझं. ती सही कुणाची, ते मी सांगितलं नाही. आज कंपनीनं गाशा गुंडाळला. माझी जागा गेली आणि त्या साठ मुलींचीही.

तुझी किळस आलीच, पण माझीही आली. लवकर कर म्हणून मी लिहिलं, नीट कर म्हणून एका अक्षरानं लिहिलं नाही.

आता पत्र पाठवू नकोस.

ताई

दि. २ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू नको म्हणाली होतीस, तरी लिहितोय. शिव्या दे, पण पुरतं वाच.

म्हातारा साहेब निघून गेला म्हणून इथे कुणाची झोप उडाली नाही. सप्टेंबरात दुसरी परदेशी कंपनी आली, कातडी रंगवणारी. तीच ती, गावाच्या वरच्या अंगाला, नदीकाठी पत्र्याची शेड टाकून बसलीय. म्हातारा जे पाहून पळाला, तेच पाहून हे आले. आमच्या प्रयोगशाळेची कीर्ती त्यांना बरोबर कळली होती. मोठ्या साहेबांनी वर्षभराचे बारा अहवाल आगाऊ लिहून माझ्यापुढे ठेवले. मी सही करणार नाही म्हणालो. वाटलं, आता आभाळ कोसळणार. कसलं काय! त्यांनी गठ्ठा नुसता पलीकडच्या टेबलावर सरकवला. तिथल्यानं फोनवर बोलता बोलता बाराही सह्या ठोकल्या. थुंकावंसं वाटलं ताई, पण जूनमध्ये मी काय वेगळं केलं होतं?

गेल्या रविवारी गावात येऊन गेलो. घरी यायचं धाडस झालं नाही. आपल्या चौकातल्या नळाचं पाणी भरून नेलं. कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांचं मशीन चालू आहे, त्यावर मी स्वतः तपासलं. एकदा नाही, तीनदा.

ते पाणी आईला देऊ नकोस, तूही पिऊ नकोस. उकळून उपयोग नाही, त्यातलं जड धातूंचं विष उकळून जात नाही. लांब पडलं तरी टेकडीमागच्या विहिरीचं आण. अहवाल सोबत जोडलाय, नगरपालिकेत दे. ते मानणार नाहीत. खाली माझीच सही आहे. लोभ मागायला मला तोंड नाही. एवढ्या एका कागदावर तू तरी विश्वास ठेव.

तुझा
ठोंब्या