घरातले तीनशे वॉट

३ डिसेंबर
आजपासून घरातले जुने पिवळे बल्ब बंद. उजेड चिमूटभर आणि उष्णता ढीगभर. इतकी वर्षं दिव्याच्या नावाखाली शेगड्या टांगल्या होत्या. सगळीकडे एलईडी लावले. आई टेबललॅम्पमधला शंभरचा बल्ब देईना. त्याच्याजवळ गुडघे शेकते म्हणे. विज्ञान समजावलं. म्हणाली, गुडघे माझे आहेत. ती आंघोळीला गेल्यावर काढून कचऱ्यात टाकला.

५ डिसेंबर
आईच्या खोलीत सेन्सरवाला दिवा. माणूस हलला नाही की आपोआप बंद. आई वाचताना अजिबात हलत नाही, त्यामुळे मधूनमधून हात हलवते. समोरच्या खिडकीतल्या निवृत्त मास्तरांना वाटलं, आपल्यालाच हात करतात. तेही करायला लागले. आज चहाला आले होते. बायकोला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. गारठलेय म्हणाली.

८ डिसेंबर
घर किंचित गार पडलंय. जुन्या बल्बांची ऊब होती असं बायकोचं म्हणणं. हे मीच तिला सांगणार होतो. तिला हीटर हवाय. हीटर आणणं म्हणजे हार मानणं. खरा चोर म्हणजे फटी. दारं-खिडक्यांना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. शिवाय एक माणूस साधारण शंभर वॉट उष्णता देतो. आम्ही तिघं म्हणजे तीनशे वॉट, तेही फुकट. उद्यापासून तिघांनी एकाच खोलीत बसायचं.

९ डिसेंबर
बसलो. आई म्हणाली, कोंडल्यासारखं वाटतंय. बायको म्हणाली, वाटतंय काय, कोंडलंच आहे. खिडकी उघडायला गेली. उघडली नाही. काम पक्कं झालंय.

११ डिसेंबर
आईचे गुडघे आखडले. बायकोने धरून उठवलं. मग मला निर्वाणीचं सांगितलं: रविवारपर्यंत घर उबदार झालं नाही तर आईंना घेऊन भावाकडे जाते, थंडी संपेपर्यंत. सून सासूला घेऊन माहेरी निघाली, असं कुठे ऐकलंय? आणि सासूही तयार. थोडा घाबरलो. थोडाच.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी
दोघी बॅगा भरतायत. मेहुणा गाडी घेऊन येतोय. मी कोठीच्या खोलीत आलोय. इथल्या दाराला आत्ताच पट्टी लावली आणि उजेड झिरपतो का बघायला दार लावून घेतलं. निघताना समजूत काढायला येतीलच. मग मी मोठ्या मनाने हीटरला परवानगी देईन. वाक्य तयार आहे.

नंतर
दार उघडत नाही. मूठ ओढली, ती हातात आली. पट्टीच्या पाकिटावर लिहिलंय, डिंक वाळेपर्यंत दार उघडे ठेवावे. पाकीट माझ्याजवळच आहे. फोन बाहेर. हाका मारल्या. आवाज बाहेर जात नाही, इतकी पट्टी उत्तम. दोघींना वाटलं असेल, रुसून बसलाय. तसा बसलोच होतो.

आणखी नंतर
गेल्या वाटतं. दोनशे वॉट एकदम कमी झालेत, भिंतीतूनही कळतं. इथेही सेन्सरवाला दिवा मीच लावलाय. एका हाताने लिहितोय, दुसरा हलवतोय. इथे उलट हात करायला मास्तरसुद्धा नाहीत.

संध्याकाळ असावी
डब्यांमागे आईचा जुना लोकरी मोजा सापडला. आत शंभरचा बल्ब. कचऱ्यातून उचलून जपला होता, जाताना विसरली. सेन्सरवाला काढून तो होल्डरला लावला. त्याच्याखाली रिकामा डबा पालथा घालून बसलो. पाठ, मान, हात, सगळं मोकळं झालं. रडू आलं. कारण माहीत आहे, लिहीत नाही.

लगेच
बल्ब काढून मोज्यात ठेवला. जुना आहे, उडायचा. आई तो न्यायला नक्की परत येईल. माझ्यासाठी येईल असं धरून चालणं बरं नाही. परत हात हलवतोय.